रेसिंग ड्रायव्हर जन्मतो की घडतो? कार्टिंग करणाऱ्या मुलाच्या वडिलांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, दीड वर्षापासून कार्टिंग करतोय, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या (कार्ट) चालवतोय, आणि त्याच्या वयाच्या मुलांत बहुतेक वेळा पुढे असतो. ट्रॅकवरची मंडळी म्हणतात, ‘याच्या अंगातच आहे’. तुमच्या धाकट्या भावाला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, जो जास्त लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारतो तो वेगवान होतो, आणि इतके पैसे घातले तर कुणाचंही पोर पुढे येईल. वाद नुसता गप्पांचा राहिलेला नाही, कारण पुढच्या मोसमात राष्ट्रीय स्पर्धेत उतरवायचं तर फ्लॅट गहाण टाकायचा विचार चालू आहे.

मी बरीच वर्षं कार्टिंगच्या मुलांना आणि पुढे फॉर्म्युला एलजीबी फोरच्या (आपल्याकडच्या एका सीटच्या रेसिंग गाड्यांचा एक वर्ग) गाड्यांत बसणाऱ्या पोरांना शिकवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. उपजत असं काहीतरी नक्की असतं, पण ते म्हणजे वेग नव्हे. गाडी घसरायला लागली हे किती लवकर जाणवतं आणि त्या जाणवण्यातून मूल किती भराभर शिकतं, एवढंच उपजत असतं. वेग त्यातून पुढे तयार होतो, आणि तो तयार व्हायला हजारो लॅप, हुशार मेकॅनिक, पैसा आणि बरंचसं नशीब लागतं. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाचा लॅप टाइम बघून त्याच्यात उपजत काही आहे की नाही हे सांगता येत नाही. मलाही नाही आणि ट्रॅकवरच्या मंडळींनाही नाही.

आधी टायरकडे बघू, कारण सगळा वाद शेवटी तिथेच येतो. वळणावर टायरचं तोंड ज्या दिशेला असतं, तंतोतंत त्याच दिशेला तो जात नाही. काही अंशांनी बाहेर सरकत जातो. हे सरकणं वाढत गेलं तशी पकडही वाढत जाते, एका जागी ती सर्वांत जास्त असते आणि त्यापुढे कमी व्हायला लागते. चांगला ड्रायव्हर सगळं वळण त्या एका जागेच्या आसपास राहून काढतो. कमी सरकला तर वेळ वाया जातो, जास्त सरकला तर टायर तापतो, झिजतो आणि गाडी फिरते. गंमत अशी की ही जागा कुठेही आखलेली नसते. ती दर लॅपला बदलते: ट्रॅक तापला, टायर जुना झाला, कडेला वाळू आली, पेट्रोल कमी झालं, की ती सरकली.

कार्टमध्ये हे सगळं उघडंवाघडं असतं. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, मुलांच्या कार्टला ब्रेक फक्त मागे. मागचा अ‍ॅक्सल म्हणजे सलग एक दांडा, त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं नाही तर कार्ट नीट वळतच नाही. ते चाक कधी उचललं गेलं आणि कधी परत टेकलं हे मुलाला दिसत नाही. ते सीटमधून कळतं, कंबरेला, बरगड्यांना आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव आहे त्याला. मागची बाजू सुटायला लागली की हे शरीर आधी सांगतं. डोळ्यांना नाक वळलेलं दिसतं ते त्यानंतर. जो मुलगा शरीराचं ऐकून हात हलवतो त्याची दुरुस्ती छोटी असते. जो डोळ्यांची वाट बघतो त्याची दुरुस्ती उशिरा येते, म्हणून मोठी होते, आणि मोठ्या दुरुस्तीने पुढचे टायर खरवडले जातात. स्टिअरिंगला सेन्सर लावला की दोघांच्या रेषा पडद्यावर चटकन वेगळ्या ओळखू येतात. एकाची रेषा बारीक थरथरते, दुसऱ्याच्या रेषेला मोठमोठे खड्डे पडलेले असतात.

ही जाणीव मुलामुलांत पहिल्या दिवसापासून सारखी नसते, हे मी ठामपणे म्हणतो. पण ती वाढत नाही असं मुळीच नाही. हा फरक तुमच्या भावाच्या लक्षात येत नाही आणि तुमच्याही.

लोक उपजत म्हणून ज्या गोष्टीचं नाव सगळ्यात आधी घेतात ती म्हणजे प्रतिक्रियेचा वेग. ‘काय रिफ्लेक्सेस आहेत पोराचे!’ दिवा लागला की बटण दाबा, अशा साध्या चाचणीत सर्वसाधारण तरुण माणसाला साधारण पाव सेकंद किंवा त्याहून थोडा कमी वेळ लागतो. रेसिंग ड्रायव्हर यात थोडे सरस निघतात, पण तो फरक अचाट म्हणावा असा नसतो. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते, म्हणजे पाव सेकंदात जवळजवळ १४ मीटर. इतकं अंतर गेल्यावर जो प्रतिक्रिया देतो तो भिंतीतच जातो, त्याचे रिफ्लेक्सेस कितीही चांगले असोत. जे वाचतात त्यांना पुढे काय होणार ते आधीच कळलेलं असतं. त्यांची नजर पुढच्या वळणावर असते, समोरच्याच्या कार्टचं मागचं चाक वाकडं व्हायला लागलेलं त्यांनी टिपलेलं असतं. हे सगळं शिकलेलं असतं. नजर पुढे टाकायची सवय तर मी कुठल्याही मुलाला लावू शकतो, आणि जवळजवळ प्रत्येक मुलाचा त्याने फायदा होतो.

आता पाऊस. उपजत देणगीचा पुरावा म्हणून पावसातल्या ड्रायव्हिंगचा दाखला हमखास दिला जातो. ब्राझीलचा फॉर्म्युला वन जगज्जेता आयर्टन सेना हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९८४ साली मोनॅकोला टोलमनसारख्या दुय्यम गाडीत तो तेराव्या जागेवरून निघाला आणि मुसळधार पावसात शर्यत थांबवली तेव्हा दुसरा होता, पहिल्या क्रमांकावरच्या अलँ प्रोस्टला गाठत आलेला. १९९३ साली डॉनिंग्टनला ओल्या ट्रॅकवर पहिल्या वळणापाशी पाचवा होता, लॅप संपताना पहिला. ती लॅप आजही मी मुलांना दाखवतो. पण याच सेनाची कार्टिंगमधली एक गोष्ट कमी सांगितली जाते. ओल्या ट्रॅकवरच्या पहिल्या शर्यतीत तो सपशेल मागे पडला होता. त्यानंतर साओ पावलोत पाऊस आला की तो कार्ट घेऊन बाहेर पडायचा. बाकीची मुलं घरी बसायची तेव्हा हा ओल्यात लॅप मारत असायचा. वडिलांनी चौथ्या वर्षी कार्ट बनवून दिलेली, घरची परिस्थिती उत्तम, आणि हरल्याची टोचणी. मोनॅकोत जगाला दिसला तो या सगळ्याचा हिशेब. त्यात उपजत काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. इतरांनी तितकाच सराव केला असता तर ते सेना झाले असते असं मला वाटत नाही. पण त्याने तो सराव केला नसता तर तोही सेना झाला नसता.

फॉर्म्युला वनचा जगज्जेता मॅक्स वेर्स्टापेनचं तेच. तुमचा मुद्दा असा की त्याच्या रक्तातच आहे: वडील जॉस फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर, आई सोफी कुम्पेन स्वतः वरच्या पातळीवर कार्टिंग केलेली. २०१५ साली ऑस्ट्रेलियात तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा १७ वर्षांचा होता, आणि पुढच्या वर्षी रेड बुलच्या गाडीत पहिल्याच शर्यतीला, स्पेनमध्ये, जिंकला. इतक्या लवकर इतकं चांगलं कसं, तर रक्त. पण त्याच २०१६ साली ब्राझीलला पावसात त्याने शेवटच्या लॅप्समध्ये एकामागून एक गाड्या मागे टाकून तिसरा क्रमांक गाठला, ती शर्यत नीट बघा. तो नेहमीची लाइन सोडून बाहेरून जात होता. कोरड्यात जिथून सगळे जातात तिथे टायरचं रबर बसलेलं असतं. ओलं झालं की ते रबर गुळगुळीत होतं, बाहेरचं खरबरीत डांबर जास्त पकड देतं. कार्टिंगमध्ये हे पहिल्या पावसातच शिकवतात. वेर्स्टापेन साडेचार वर्षांचा असल्यापासून कार्टमध्ये आहे, वडील स्वतः त्याची इंजिनं बांधायचे, व्हॅनमध्ये कार्ट टाकून युरोपभर फिरवायचे, आणि हात गारठले तरी सेशन पुरं करायला लावायचे. त्या घरात जन्मलेल्या मुलाला आईबापाकडून शरीर मिळालं हे खरं. गॅरेजही मिळालं, हेही तितकंच खरं. यातलं कशाने किती काम केलं हे वेगळं करून दाखवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

खानदानाचा मुद्दा दोन्हीकडून कापतो. ग्रॅहम हिल आणि मुलगा डेमन दोघेही जगज्जेते, केके रोसबर्ग आणि निको दोघेही जगज्जेते. पण सात विजेतेपदं मिळवलेल्या मायकल शूमाकरचा मुलगा मिक फॉर्म्युला वनमध्ये दोन मोसमांत पोडियमपर्यंतही, म्हणजे पहिल्या तिघांतही, पोहोचला नाही. मिकला बापाचं रक्तही मिळालं होतं आणि सोयीही. आणि मायकलचा बाप? गवंडीकाम करणारा माणूस. त्याने पायडलच्या कार्टला मोटरसायकलचं इंजिन बसवून दिलं तेव्हा मायकल चार वर्षांचा होता. नंतर केर्पेनचा कार्ट ट्रॅक हेच त्या कुटुंबाचं जग झालं. वडील ट्रॅक सांभाळायचे, आई तिथल्या कँटीनमध्ये काम करायची. गरीब घर, पण अंगणात ट्रॅक. इतरांनी टाकून दिलेले टायर लावून तासन् तास फिरायची सोय जगातल्या किती मुलांना असते?

आपल्याकडेही चित्र हेच. नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघाच्या गाडीत बसला आणि फॉर्म्युला वनमध्ये धावलेला पहिला भारतीय ठरला. वडील जी. आर. कार्तिकेयन रॅलीतले नामवंत, गाव कोइम्बतूर, जिथे एस. करिवर्धन स्वतः रेसिंगच्या गाड्या बांधत होते. करुण चंधोक चेन्नईचा, वडील विकी रॅलीत, आजोबा इंदू चंधोक मद्रासच्या मोटरस्पोर्ट चळवळीतल्या पहिल्या फळीतले. कुश मैनीने २०२५ साली मोनॅकोत फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत जिंकली. मोठा भाऊ अर्जुन ड्रायव्हर, वडीलही रेसिंग केलेले. दीड अब्जाच्या जवळ गेलेल्या देशातून आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरले ते फक्त दोन, आणि दोघेही मोटरस्पोर्टच्या घरातले. याचा अर्थ देणगी त्या दोनच घरांत जन्मली असा लावायचा का? मला तर यातून एवढंच दिसतं की बाकीच्या मुलांना कार्टच्या सीटवर कधी कुणी बसवलंच नाही. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात, जिथे शंभर किलोमीटरमध्ये कार्टिंगचा ट्रॅक नाही, तिथल्या पोरीच्या कंबरेला मागचं चाक सुटलेलं सगळ्यांच्या आधी कळत असेल. ते कधी कुणाला समजणार नाही, आणि तिलाही नाही. हे मला मनापासून सलतं, म्हणून ‘ज्याच्यात असतं तो कसाही वर येतोच’ हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोललं की मी गप्प बसत नाही.

तुमच्या भावाच्या बाजूनेही खोलात जायला हवं, कारण त्याच्याकडे चांगले दाखले आहेत. ग्रॅहम हिलने गाडीचं लायसन्स काढलं तेच २४व्या वर्षी, आणि १९६२ व १९६८ अशी दोन विजेतेपदं मिळवली. डेमन आधी मोटरसायकलवर होता, फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा तिशी ओलांडलेली होती, १९९६ साली जगज्जेता झाला. हुआन मॅन्युएल फँजिओ, अर्जेंटिनाच्या बाल्कार्से गावचा मेकॅनिक, शेवटचं म्हणजे पाचवं विजेतेपद जिंकला तेव्हा ४६ वर्षांचा होता. मिशेल मूतोन रॅलीत आली ती शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगणारी म्हणून. १९८२ साली जागतिक रॅली स्पर्धेत दुसरी आली.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो सेबास्टियन लोब. फ्रान्सच्या अल्सास भागातला हा मुलगा, पेशाने इलेक्ट्रिशियन. लहानपणी कार्टमध्ये नव्हता. विशीत असताना नवोदितांसाठीच्या निवड स्पर्धेतून रॅलीत शिरायचा प्रयत्न केला आणि पहिल्या प्रयत्नांत निवडला गेला नाही. पुढे २००४ ते २०१२ सलग नऊ वेळा जगज्जेता, आणि २०२२ साली ४७व्या वर्षी मॉन्टे कार्लो रॅली पुन्हा जिंकली. भाऊ म्हणेल, बघा, उशिरा सुरुवात करूनही जमलं. पण लोब लहानपणी काय करत होता? जिम्नॅस्टिक्स, आणि तेही प्रादेशिक विजेतेपदं मिळवण्याइतकं. म्हणजे ज्या वयात वेर्स्टापेन कार्टच्या सीटमधून तोल शिकत होता त्या वयात लोब उलट्या उड्या मारत तोल शिकत होता. गाडी उशिरा आली, शरीराचं शिक्षण उशिरा आलं नाही. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये तो मुळात पुढे का आला, हा प्रश्न विचारला की आपण पुन्हा उपजत गोष्टीपाशी येतो. या वादाला असा तळ लागत नाही, एका बाजूने कितीही खणलं तरी दुसरी बाजू वर येते.

किमी राइकोनेनचंही नाव यात येतं. २००१ साली तो फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा गाड्यांच्या फक्त २३ शर्यती त्याच्या नावावर होत्या, आणि पहिल्याच शर्यतीत गुण मिळवला. हे सांगताना त्याआधीचं जवळपास दशकभराचं कार्टिंग कुणी मोजत नाही.

अभ्यासकांनी यावर आकडेही काढले आहेत. सातत्याने आणि हेतुपूर्वक केलेला सराव खेळाडूंमधल्या फरकाचा किती भाग समजावून सांगतो, याचे अनेक अभ्यास एकत्र करून ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विश्लेषण केलं, त्यात खेळांसाठी आकडा १८ टक्क्यांच्या आसपास आला. २०१६ साली त्यांनी फक्त खेळांकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा सर्वोच्च पातळीवरच्या खेळाडूंमध्ये तो एका टक्क्यावर आला. भाऊ हा आकडा बघून नाराज होईल, पण तुम्हीही खूश होऊ नका. उरलेलं सगळं उपजत असतं असा त्याचा अर्थ नाही. त्यात वय, प्रशिक्षक, दुखापती, पैसा, मोजमापातल्या चुका सगळं येतं. आणि वरच्या पातळीवर सराव सगळ्यांचाच प्रचंड झालेला असतो, म्हणून तिथे त्याने फरक पडताना दिसत नाही. ज्याने सराव केलाच नाही तो त्या यादीत पोहोचलेलाच नसतो. हे आकडे आपल्या खेळाचे नाहीत हेही लक्षात ठेवा. आपल्या खेळात यंत्र मध्ये असतं, आणि यंत्र पैशाने चांगलं मिळतं.

माझ्या हाताखालच्या दोन मुलांबद्दल सांगतो, नावं नको. दोघं एकाच मोसमात आले, वयंही सारखी. एक पहिल्याच दिवशी थंड टायरवर, पहिल्या लॅपला, इतरांना पाच लॅपनंतर सापडतो तो वेग काढायचा. दुसरा संथ, पण प्रत्येक सेशननंतर डेटा घेऊन बसायचा आणि सतत प्रश्न विचारायचा. चार-पाच वर्षांत दुसऱ्याने अंतर जवळजवळ भरून काढलं. क्वालिफाइंगमध्ये (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत) दोघं एकमेकांच्या दशांश सेकंदात असायचे, आणि शर्यतीत टायर सांभाळण्यात दुसराच सरस. पण ट्रॅक अर्धा ओला असेल, आधी कुणीच लॅप मारलेली नसेल, तर पहिल्या तीन लॅपमध्ये पहिला मुलगा अजूनही सुटून पुढे जायचा. ते अंतर कधीच पुरतं मिटलं नाही. उपजत म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यासमोर त्या तीन लॅप येतात. आणि शर्यत पंधरा-वीस लॅपची असते, हेही मी त्याच दमात सांगतो.

म्हणून तुमच्या मुलात काय आहे ते बघायचं असेल तर स्टॉपवॉच खिशात ठेवा. नऊ वर्षांच्या मुलांच्या लॅप टाइममध्ये ड्रायव्हरपेक्षा इतर गोष्टीच जास्त बोलतात. वर्गात किमान वजनाची अट असते खरी, पण अंगाने मोठं पोर त्या अटीच्या वर गेलं की जास्तीचं वजन ओढत बसतं, आणि वजन भरायला शिसं लावणाऱ्याला ते हवं तिथे लावता येतं. एकाच बनावटीच्या दोन इंजिनांत फरक असतो. नवे टायर आणि तीन सेशन झालेले टायर यांची तुलनाच होत नाही. तुमचा मुलगा दीड वर्षं चालवतोय, शेजारचा चार महिने. तुलना कसली करायची? आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तेव्हा हातापायांचा अंदाज चुकायला लागतो, चांगल्या चांगल्या मुलांचा एखादा मोसम त्यात बिघडतो. तेव्हा तो ‘संपला’ असं म्हणू नका, तसंच आत्ता तो ‘झाला’ असंही म्हणू नका.

मी काय बघतो ते सांगतो. सेशनमधून बाहेर आल्यावर हेल्मेट काढून तो काय सांगतो. ‘कार्ट बरोबर नाही’ एवढंच म्हणतो, की ‘तिसऱ्या वळणात आत शिरताना पुढचं जातच नाही, पण बाहेर पडताना मागचं सुटतं’ असं सांगतो? वळणाच्या कुठल्या टप्प्यावर काय झालं हे वेगळं करून सांगता येणारं मूल मला लॅप टाइमपेक्षा जास्त काही दाखवतं. मेकॅनिकने न सांगता मागच्या टायरमधली हवा थोडी बदलावी आणि मुलाला पाठवावं. काहीतरी वेगळं आहे हे तो सांगतो का? नव्या ट्रॅकवर पहिल्या सेशनपासून तिसऱ्या सेशनपर्यंत किती वेळ कमी झाला, आणि इतरांचा किती? चूक झाली की पुढच्याच लॅपला ती दुरुस्त होते, की दहा लॅप तीच चूक राहते? ही शिकण्याची गती एका दिवसात कळत नाही. निदान दोन मोसम बघावी लागते, वेगवेगळ्या ट्रॅकवर, उन्हात आणि पावसात.

पावसाचं खास सांगतो. आपल्याकडे जून लागला की बरेच पालक कार्ट झाकून ठेवतात. तसं करू नका. महाराष्ट्राला चार महिने ओला ट्रॅक फुकट मिळतो आणि ओल्यात सगळं हळू घडतं. मागचं चाक सुटताना मुलाला ते जाणवायला वेळ मिळतो, वेग कमी असल्याने फिरला तरी सहसा फारसं लागत नाही. ट्रॅकवर मार्शल (सुरक्षेवर नजर ठेवणारा माणूस) आहे आणि पाणी साचलेलं नाही एवढं मात्र बघा. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथून पुढे गेलेली मुलंही आहेत, आणि तिथल्या पावसाचं तर विचारायलाच नको.

आणि फक्त कार्टिंग नको. लोब आठवा. पोहणं, सायकल, मल्लखांब, काहीही ज्यात शरीराला तोल कळतो. मल्लखांब तर आपल्या घरचाच आहे. खांबावर उलटं लटकलेल्या पोराला आपलं वजन कुठे आहे हे डोळे मिटूनही कळतं. सिम्युलेटर घेऊन देता येत असेल तर द्या, लाइन आणि ब्रेकिंग पॉइंट त्यात छान शिकता येतात. सिम्युलेटरच्या स्पर्धेतून निवडला गेलेला यान मार्डनबरो २०१३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला होता. पण कंबरेला जे कळायला हवं ते घरातली खुर्ची शिकवत नाही, म्हणून सीट टाइमच्या, म्हणजे प्रत्यक्ष ट्रॅकवरच्या वेळेच्या, बदल्यात तो नको.

उशिरा सुरुवात केली म्हणून सगळं संपतं का, हेही तुम्ही विचारलंय. मुंबईचा जेहान दारूवाला बाराव्या-तेराव्या वर्षी कार्टिंगला लागला, २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या देशभरातल्या शोधमोहिमेत निवडला गेला. युरोपातले त्याचे प्रतिस्पर्धी तोवर अर्धं आयुष्य कार्टमध्ये घालवून बसले होते. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनला त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, असं करणारा पहिला भारतीय. फॉर्म्युला वनची सीट मात्र मिळाली नाही, आणि त्याचं कारण त्याचं ड्रायव्हिंग एवढंच होतं असं मला वाटत नाही. त्या वीस-बावीस सीटांच्या दारात पैसा आणि योग्य वेळ दोन्ही उभे असतात. ग्रॅहम हिलसारखं चोविसाव्या वर्षी सुरू करून फॉर्म्युला वन गाठणं आज शक्य नाही. सुपर लायसन्ससाठी (फॉर्म्युला वनमध्ये उतरायचा परवाना) खालच्या स्पर्धांतून ४० गुण जमवावे लागतात आणि त्या प्रत्येक पायरीला पैसा लागतो. पण रॅली, टुरिंग कार आणि जीटी (रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या शर्यती), एन्ड्युरन्स (तासन् तास चालणाऱ्या शर्यती) ही दारं विशीतही उघडी असतात, आणि तिथे पोटापाण्याचं रेसिंग करणारे ड्रायव्हर फॉर्म्युला वनपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आता फ्लॅटचं. तो गहाण टाकू नका. हे मी तुमच्या मुलात काही नाही असं वाटून म्हणत नाही. त्याच्यात काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही आणि ते कळायला राष्ट्रीय स्पर्धेचा पूर्ण मोसम लागत नाही. एक जुनी पण सरळ चासी (कार्टचा सांगाडा), एक भरवशाचं इंजिन, आणि स्पर्धेच्या फीचे पैसे सरावाच्या दिवसांवर घाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या एक-दोन फेऱ्या पाहुणा म्हणून खेळा, फक्त तो अनोळखी ट्रॅकवर किती लवकर जुळवून घेतो ते बघायला. शिवाय घर गहाण पडलंय हे नऊ वर्षांच्या मुलाला कळतंच, तुम्ही सांगा किंवा न सांगा, आणि ज्याला हरणं परवडत नाही ते मूल घसरायला घाबरतं. घसरल्याशिवाय टायरची ती जागा कुणालाच सापडत नाही. दोन मोसमांनंतर त्याची शिकण्याची गती खरोखर इतरांहून वेगळी दिसली, तर तो डेटा घेऊन प्रायोजकाकडे जाता येईल, कुठल्या संघाकडे चाचणी मागता येईल. तेव्हा वय अकरा असेल, आणि अकरा म्हणजे उशीर नव्हे.